उंसांतील बिबट्याची बदली

नोव्हेंबरांत गाळप सुरू झालें म्हणजे पुरुषोत्तमनगर, शहादें, प्रकाशें व तळोदें या भागांत उंसाच्या फडांवर कोयते पडूं लागतात, आणि त्याबरोबर वनखात्याच्या कचेरींत एका ठराविक मजकुराचे अर्ज येऊं लागतात. "आमच्या शिवारांत बिबट्या दिसला आहे. तरी पिंजरा लावून त्याचा बंदोबस्त करावा व त्यास दूर जंगलांत सोडून द्यावें." खालीं पंधरावीस सह्या व चारदोन अंगठे असतात. प्रस्तुत लेखकाची नोकरी महसूल खात्यांत अर्ज वाचण्यांत व त्यांवर टिपणी लिहिण्यांत गेली असल्यामुळें अर्जाची भाषा कशी बनते हें त्यास ठाऊक आहे. या अर्जांतील पहिलें वाक्य बहुधा खरें असतें. दुसऱ्या वाक्यांतील मागणी मात्र दिसते तितकी निरुपद्रवी नाहीं. ती मान्य झाल्यास पुढें काय घडतें याचा अनुभव आपल्याच राज्यांत येऊन गेला आहे व तो आंकड्यांनिशीं लिहून ठेवलेला आहे. तो शेतकरी बंधूंपुढें मांडावा म्हणून हा लेख.

प्रथम बिबट्या येथें कां राहतो हें पाहूं. उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस तापी, यांच्यामधील ही काळी जमीन. सातपुडा-तापी कारखान्यामुळें व विहिरी, उपसा योजना आणि सारंगखेडें व प्रकाशें येथील बॅरेज यांच्या पाण्यामुळें येथें ऊंस स्थिरावला. आडसाली ऊंस दीड वर्ष उभा असतो. आंत सावली, सरींत पाणी, आणि बांधापलीकडे गांवचीं मोकाट कुत्रीं व डुकरें. बिबट्यास याहून अधिक कांहीं लागत नाहीं. वाघास मोठें रान लागतें, बिबट्यास दडण्यास उंसाचा फडहि पुरतो. मादी उंसांतच विते. जें पिलूं उंसांत जन्मलें व उंसांत वाढलें त्याचें रान ऊंस हेंच होय. त्यास "त्याच्या जंगलांत परत पाठवा" असें म्हणणें म्हणजे शहाद्यांत जन्मलेल्या मनुष्यास, तुझे पूर्वज अमुक गांवचे, सबब तेथें चालता हो, असें सांगण्यासारखें आहे.

आतां जुन्नरची हकीकत. पुणें जिल्ह्यांत कुकडी प्रकल्पाचीं माणिकडोह, येडगांव, वडज, डिंभें वगैरे धरणें झालीं, कालवे फिरले, आणि कोरडवाहू शिवारांत ऊंस उभा राहिला. उंसामागोमाग बिबट्या आला. जुन्नर वनविभागांत १९९३ पासून २००१ पर्यंत माणसांवरील हल्ल्यांची सरासरी वर्षास ४ होती. लोकांची मुख्य तक्रार शेळ्यामेंढ्यांच्या नुकसानीची असे. तें नुकसान कमी व्हावें म्हणून फेब्रुवारी २००१ पासून पिंजरे लावून बिबटे धरण्याची मोहीम सुरू झाली. ४० हून अधिक बिबटे वस्तीच्या भागांतून धरण्यांत आले व सरासरी ३९.५ किलोमीटर अंतरावरील जंगलांत सोडण्यांत आले. हेतु चांगला होता. पिंजऱ्यांतील जनावर मारलें नाहीं, सोडून दिलें, म्हणून ही रीत दयेची आहे असेंहि सर्वांस वाटलें.

परिणाम असा झाला कीं २००१ ते २००३ या काळांत हल्ल्यांची वार्षिक सरासरी ४ वरून १७ वर गेली. एवढेंच नव्हे, पूर्वीं हल्ल्यांपैकीं शेंकडा १८ हल्ले प्राणघातक ठरत, तें प्रमाण शेंकडा ३६ झालें. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनीं या सर्व नोंदी तपासून २०११ सालीं आपला अभ्यास प्रसिद्ध केला, व ही वाढ बिबटे हलविण्याचाच परिणाम होय असा निष्कर्ष काढिला. शेळ्या वांचविण्यास आरंभ केला आणि माणसें जाऊं लागलीं, असा हा हिशेब आहे.

खानदेशच्या वाचकांनीं या अभ्यासांतील आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. जुन्नरकडील कांहीं बिबटे फार दूर, जळगांव जिल्ह्यांतील यावल अभयारण्यांत नेऊन सोडण्यांत आले होते. यावल म्हणजे आपल्याच सातपुड्याचें पूर्वेकडील अंग. त्यानंतर तेथेंहि माणसांवर हल्ले झाले. म्हणजे एका तालुक्याचें संकट कमी न होतां दुसऱ्या जिल्ह्याच्या माथीं गेलें. आज आपण शिवारांतील बिबट्या "दूर" सोडण्याचा अर्ज करितों तेव्हां तें "दूर" कोणाचें तरी "जवळ" असतेंच. तोरणमाळच्या बाजूस सोडला तर पाड्यांवरील पावरा व भिल्ल बांधवांच्या झोंपड्यांपाशीं तो जाणार. त्यांच्या सह्या आपल्या अर्जावर नसतात. वाघदेवाची पूजा करणारे ते लोक आपल्यापेक्षां सोशिक आहेत, म्हणून हा बोजा त्यांच्यावर टाकावा हें न्यायाचें नव्हे.

मुंबईस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोंवतीं २००२ ते २००४ या काळांत हल्ल्यांनीं हाहाकार उडविला होता. तेथेंहि बाहेरून धरलेले बिबटे उद्यानांत आणून सोडण्यांत येत असत. ती प्रथा बंद झाल्यावर हल्ले ओसरले.

असें कां व्हावें? बिबट्या हा एकटा राहणारा व हद्द पाळणारा प्राणी आहे. आपल्या हद्दींत कोणत्या वाटेनें कुत्रीं येतात, कोणत्या वस्तीवर माणसें केव्हां निजतात, पाणी कोठें आहे, हें त्यास पाठ असतें, आणि त्या माहितीच्या बळावरच तो माणसास टाळून राहतो. वर्षानुवर्षें आपल्या बांधावरून गेला तरी तो आपणांस दिसत नाहीं, याचें कारण हेंच. तोच बिबट्या पिंजऱ्यांत सांपडला म्हणजे गजांवर दांत घासून सुळे मोडून घेतो, भोंवतीं जमलेल्या हजार माणसांचा गलका ऐकतो, आणि अनोळखी रानांत जाऊन पडतो. त्या रानांत दुसऱ्या बिबट्याची हद्द असतेच. तो यास राहूं देत नाहीं. मग उपाशी, दुखावलेला, माणसास भ्यालेला व वाट न कळणारा असा हा प्राणी परत फिरतो, व परततांना जीं गांवें लागतात त्यांची त्यास कांहींच माहिती नसते. इकडे आपल्या शिवारांत त्याची जागा रिकामी राहते असेंहि नाहीं. ऊंस तोच, कुत्रीं तींच. थोड्याच दिवसांत दुसरा, बहुधा तरणा व अननुभवी बिबट्या तेथें येऊन बसतो. जुना निदान ओळखीचा होता.

परत फिरण्याची गोष्ट कल्पनेंतील नव्हे. अहिल्यानगर जिल्ह्यांत (तेव्हांचा अहमदनगर) पारनेर तालुक्यांतील टाकळी ढोकेश्वर येथें २००९ सालीं एक बिबट्या विहिरींत अडकला. त्यास वर काढून गळ्यांत उपग्रहाद्वारें ठिकाण कळविणारा पट्टा बांधण्यांत आला व माळशेज घाटांत सोडण्यांत आलें. वयस्क वाटला म्हणून अभ्यासकांनीं त्यास "आजोबा" असें नांव ठेविलें होतें. हे आजोबा घाटांत राहिले नाहींत. सुमारें चार आठवड्यांत १२० किलोमीटरांची मजल मारून, मुंबई-आग्रा महामार्ग व कसाऱ्याकडील लोहमार्ग ओलांडून, वसईची खाडी पोहून ते संजय गांधी उद्यानाच्या रानांत पोंचले. वाटेंत दाट वस्ती लागली, पण त्यांनीं माणसास बोटहि लावलें नाहीं. पुढें डिसेंबर २०११ मध्यें घोडबंदर रस्त्यावर वाहनाच्या धडकेनें त्यांचा अंत झाला. त्यांच्यावर २०१४ सालीं याच नांवाचा मराठी बोलपटहि निघाला. या हकीकतींतून बिबट्याचा शहाणपणा दिसतो तसा आपल्या योजनेचा पोकळपणाहि दिसतो. घाट आपण निवडला होता, बिबट्यानें तो मान्य केला नाहीं. सरकारी नोकराची बदली झाली म्हणजे तो कुरकुरत कां होईना, नव्या ठिकाणीं हजर होतो, कारण पगार तेथें मिळणार असतो. बिबट्याचा पगार जुन्या ठिकाणींच असतो. आमचा जिल्हा १९९८ सालीं धुळ्यांतून वेगळा झाला तेव्हां दप्तराच्या गाड्या भरतांना आमची जी तारांबळ उडाली तिची त्यास खबरहि नाहीं.

वन्य प्राण्यांची जागा बदलणें सर्वत्रच फसतें असें मात्र नाहीं. अमेरिकेच्या माळरानांत प्रेअरी डॉग नांवाचा एक प्राणी आहे. नांवानें कुत्रा, पण जात खारीची. आपल्याकडील घुशींप्रमाणें तो जमिनींत बिळें करून राहतो, मात्र मोठमोठ्या वसाहती करून. शेतकऱ्यांनीं व गुरें पाळणाऱ्यांनीं त्यास विष घालून पुष्कळ ठिकाणीं नाहींसा केला. पुढें त्यास वांचवावें असें ठरलें व वसाहती उचलून दुसरीकडे नेण्याचे प्रयोग झाले. न्यू मेक्सिको संस्थानांतील अशा एका प्रयोगाचे निष्कर्ष २००६ सालीं प्रसिद्ध झाले. जे प्राणी कुटुंबासह हलविले ते, कुटुंब मोडून हलविलेल्यांपेक्षां पांचपट अधिक जगले. नवीन जागीं अगोदर बिळांची सोय करावी लागते, हंगाम पाहावा लागतो, व जेथें त्यांच्या जातीची जुनी वसाहत होती अशी जागा मिळाल्यास उत्तम. म्हणजे प्राणी उचलून नेणें सोपें आहे, त्याचें घर व गोत उचलून नेणें कठीण आहे. प्रेअरी डॉगच्या बाबतींत तें कष्टानें साधतें. बिबट्याचें गोत म्हणजे त्याची हद्द, आणि ती गाडींत घालतां येत नाहीं.

येथें एक आक्षेप येईल व तो रास्त आहे. हें सर्व शहाणपण ज्याचें मूल गेलें त्यास कोणत्या तोंडानें सांगावें? ऑक्टोबर व नोव्हेंबर २०२५ मध्यें पुणें जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यांत पिंपरखेड परिसरांत तीन आठवड्यांच्या आंत दोन लहान मुलें व एक वृद्ध स्त्री बिबट्याच्या हल्ल्यांत मृत्युमुखीं पडलीं. लोकांचा क्षोभ अनावर झाला व अखेर तेथें एक बिबट्या गोळी घालून मारण्यांत आला. आपल्या तळोदें तालुक्याच्या ऊंसपट्ट्यांतहि अलीकडच्या वर्षांत माणसें गेलीं आहेत. अशा घरीं जाऊन निसर्गाचा समतोल वगैरे बोलणाऱ्याची प्रस्तुत लेखकास चीड येते. जो बिबट्या माणसास भक्ष्य समजूं लागला तो कायमचा हटविलाच पाहिजे, आणि तसें करण्यास कायद्यांत वाट आहे. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचींत बिबट्या असला तरी मनुष्याच्या जिवास धोकादायक झालेल्या जनावरासंबंधीं मुख्य वन्यजीव रक्षकांस लेखी हुकूम काढतां येतो.

परंतु या हुकुमाचीच खरी निकड असते तेव्हां तो नेमका पडावा, यासाठींच एरवींचे पिंजरे बंद झाले पाहिजेत. पिंजऱ्यास गुन्हेगार ओळखतां येत नाहीं. शेळीच्या वासानें जो आंत जाईल तो सांपडेल. दहा निरपराध बिबटे हलवून दहा जागा मोकळ्या केल्या म्हणजे खरा गुन्हेगार शोधणें अधिकच अवघड होतें. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची मांडणी वेगळी असते, व स्वयंचलित कॅमेऱ्याच्या छायाचित्रांवरून तो ओळखतां येतो. ती तजवीज होईपर्यंत धीर धरणें कठीण असतें, पण उपाय तोच आहे. केंद्र सरकारच्या पर्यावरण व वन मंत्रालयानें एप्रिल २०११ मध्यें काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतहि बिबट्या धरून दूर सोडण्याची रीत टाळावी असाच रोख आहे. केवळ दिसला म्हणून पिंजरा, ही मागणी या सूचनांत बसत नाहीं.

आणि दिसला म्हणजे संकट आलें असेंहि नव्हे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोलें तालुक्यांतील शेतीच्या मुलखांत अत्रेय यांच्या अभ्यासगटानें कॅमेरे लावून मोजणी केली. दर १०० चौरस किलोमीटरांत ४.८ मोठे बिबटे निघाले, आणि तेथेंच दर चौरस किलोमीटरास ३०० हून अधिक माणसें राहत होतीं. त्यांच्या विष्ठेची तपासणी केली तेव्हां भक्ष्याच्या वजनांत शेंकडा ३९ वांटा कुत्र्यांचा आढळला. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असूनहि त्यांचा वांटा शेंकडा ११ च निघाला. कारण उघड आहे. शेळी रात्रीं गोठ्यांत असते, कुत्रें उकिरड्यावर. ज्या गांवीं उकिरडे मोठे, कोंबड्यांची घाण व मेलेलीं गुरें उघड्यावर टाकण्याची चाल, तेथें कुत्रीं वाढतात, आणि जेथें कुत्रीं तेथें बिबट्या. अर्ज द्यावयाचाच असेल तर पहिला अर्ज ग्रामपंचायतीस या कारणासाठीं द्यावा. तो वनखात्याच्या अर्जाइतका लोकप्रिय होणार नाहीं, हें लेखक जाणून आहे.

गोठ्याविषयीं थोडें. तीन बाजूंनीं भिंत व चौथीकडे झांप लावून भागत नाहीं. बिबट्या वरून उतरतो. वर व बाजूंस जाळी आणि आंतून कडी, एवढें झालें तर वासरूं व शेळी बहुतांशीं सुरक्षित राहते. नुकसान झालेंच तर मेलेलें जनावर हलवूं नये, पुरूं नये, ताबडतोब वनरक्षकास कळवावें व जागेवर पंचनामा करून घ्यावा. पुरावा नाहींसा झाल्यावर "बिबट्यानेंच नेलें" असें कितीहि शपथेवर सांगितलें तरी भरपाईचें प्रकरण लंगडें पडतें. पंचनाम्यांत दिनांक, गट नंबर, पावलांचे ठसे व मानेवरील जखम यांचा उल्लेख आहे कीं नाहीं हें सही करण्यापूर्वीं स्वतः वाचून पाहावें. वाचतां येत नसेल तर वाचून घ्यावें.

माणसांच्या बाबतींत खरा धोका वांकलेल्या किंवा बसलेल्या माणसास व एकट्या मुलास असतो. उभा मनुष्य बिबट्यास भक्ष्य वाटत नाहीं. बांधावर बसलेलें मूल, गवत कापणारी बाई, परसाकडे बसलेला मनुष्य, हे त्यास लहान जनावरासारखे दिसतात. तोडणीच्या टोळ्यांच्या खोप्या फडाशेजारीं असतात व पोरें पाचटावर निजलेलीं असतात. टोळी आणणाऱ्या मुकादमानें, व कारखान्याच्या शेतकी खात्यानेंहि, खोप्या उभ्या उंसापासून दूर मोकळ्यावर घालून दिव्याची सोय केली पाहिजे. दुसरी गोष्ट विजेची. रात्रीं दोन वाजतां वीज येते म्हणून शेतकरी एकटा कंदील किंवा बॅटरी घेऊन उंसांत दारें धरावयास जातो, सरी फोडण्यासाठीं खालीं वांकतो. बिबट्याच्या प्रश्नांत पिंजऱ्यापेक्षां दिवसाच्या विजेची मागणी शतपट अधिक महत्त्वाची आहे, व ती करण्यास शेतकरी संघांनीं लाजूं नये. ती मिळेपर्यंत दोघांनीं जावें, मोठ्यानें बोलत किंवा रेडिओ लावून जावें.

आतां ज्या एका बाबतींत "हलविणें" खरोखर दयेचें व सोयीचें ठरलें आहे ती सांगून हा लेख पुरा करितों. तोडणीच्या दिवसांत फडांत बिबट्याचीं पिलें सांपडतात. मादी त्यांस पाचटांत दडवून शिकारीस गेलेली असते. तीं टाकून दिलेलीं नसतात. पिलें गोजिरवाणीं असतात, म्हणून टोळींतील पोरें उचलतात, कोणी घरीं नेतो, कोणी दूध पाजतो, शंभर मोबाइल पुढें सरसावतात. रात्रीं मादी येते व पिलें नाहींत असें पाहून त्याच परिसरांत हिंडत राहते. चिडलेली मादी व तोडणीची टोळी एका फडांत, यासारखा वाईट योग नाहीं. आणि आईवेगळें वाढविलेलें पिलूं पुढें सहसा रानांत सोडतां येत नाहीं. त्याचा जन्म पिंजऱ्यांत जातो. जुन्नरजवळ माणिकडोह येथें वनखात्यानें २००२ पासून चालविलेल्या बिबट्या निवारा केंद्रांत असे कायमचे कैदी आहेत.

त्याच केंद्रांतील वनखात्याचे लोक व वाइल्डलाइफ एस.ओ.एस. या संस्थेचे पशुवैद्य यांनीं यावर एक साधी रीत बसविली आहे व ती अनेकवार यशस्वी झाली आहे. पिलें दिसतांच कोयते थांबवावे. हात लावूं नये, गर्दी हटवावी, आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावें. पशुवैद्य येऊन पिलें तपासतो, गोचिडी काढतो, जखम असल्यास औषध लावतो, आणि पुढें ओळख पटावी म्हणून कातडीखालीं तांदळाच्या दाण्याएवढी चिप घालतो. सूर्यास्ताच्या सुमारास पिलें जेथें सांपडलीं त्याच जागीं खोक्यांत ठेवण्यांत येतात, शेजारीं कॅमेरा लावण्यांत येतो व सर्व माणसें दूर होतात. जागा तीच पाहिजे. पलीकडचा बांधहि चालत नाहीं, कारण मादी शोधीत येते ती आपण ठेवलें त्या ठिकाणीं. पहिल्या रात्रीं न आली तर दुसऱ्या रात्रीं पुन्हां ठेवावें लागतें. बहुधा ती पहिल्याच रात्रीं येते, पंजानें खोकें कलंडविते, एकेक पिलूं मानेस धरून उचलते व जवळच्या उभ्या उंसांत घेऊन जाते. ती जागा तिनें स्वतः निवडलेली असते. शेतकऱ्याचा यांत एका दिवसाचा खोळंबा होतो. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो फड तोडावयास मोकळा असतो.